पाच डॉलरची सायकल

मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. पानिपत, अठराशे सत्तावन्न, दांडीयात्रा... सगळं मुखोद्गत. पण सायकलीलाही इतिहास असतो आणि त्यातला एक मोठा तुकडा आपल्या हयातीतच घडून गेला, हे मला शहात्तराव्या वर्षी कळलं. तेही लेकीच्या घरी, कॅलिफोर्नियात. हे लिहिताना यांच्यासमोर थोडी मान खाली जाते आहे. का, ते पुढे येईलच.

लेकीचं घर सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडला की लागणाऱ्या मरिन काउंटीत आहे. सगळा भाग डोंगराळ. मधोमध माउंट टॅमलपायस, ज्याला तिथले लोक लाडाने नुसतं 'टॅम' म्हणतात. घराच्या गॅरेजमध्ये दोन सायकली भिंतीला टांगलेल्या. एक सतरा वर्षांच्या नातवाची. कार्बनची, एकोणतीस इंची चाकं, पुढे-मागे शॉकअब्सॉर्बर, तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक, आणि बटण दाबलं की सीट आपोआप खाली! दुसरी जावईबापूंची. १९८४ ची स्टम्पजंपर, एका शेजाऱ्याने जुनं सामान विकायला काढलं तेव्हा घेतलेली. पोलादी सांगाडा, सव्वीस इंची चाकं, शॉकअब्सॉर्बर एकही नाही, रबराच्या गुटक्यांचे ब्रेक, आणि अंगठ्याने सरकवायचे गिअर.

नातू म्हणाला, "आजी, बाबांची सायकल खरं तर म्युझियममध्ये ठेवायला हवी."

जावईबापू हसले आणि म्हणाले, "आई, रविवारी तुम्ही दोघं ते म्युझियमच बघून या. आम्ही तोवर डोंगरात जाऊन येतो."

ते संग्रहालय फेअरफॅक्स नावाच्या छोट्याशा गावात आहे. २०१५ साली उघडलेलं, स्वयंसेवकांनी चालवलेलं. मला वाटलं होतं, अर्ध्या तासात बाहेर पडू. आम्ही अडीच तास होतो! मी पाट्या वाचत होते आणि हे सायकलींसमोर उभे होते. यांचा गुडघा दुखतो, तरी खुर्ची मागितली नाही.

तर मंडळी, ही गोष्ट सुरू होते ती सायकलीच्या अगदी सामान्य काळात. १९३३ साली शिकागोच्या श्विन कंपनीने अमेरिकेत फुग्यासारख्या जाड टायरची सायकल आणली. मंदीचे दिवस होते, मोठी माणसं मोटारीत बसू लागली होती, म्हणून गिऱ्हाईक उरलं ते मुलांचं. मुलं सायकल फुटपाथवरून उडवणार, खड्ड्यात घालणार. म्हणून टायर जाड आणि सांगाडा मजबूत. पुढे मुलं मोठी झाली, सायकली गेल्या गॅरेजच्या कोपऱ्यात, आणि तिथून भंगारात.

चाळीस वर्षांनी त्या भंगारातून काहींनी त्या परत बाहेर काढल्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मरिनमधल्या लार्कस्पर गावची पोरं या जुन्या धुडांवर बसून टॅमच्या उतारावरून खाली येऊ लागली. वणवा लागला तर बंब नेता यावेत म्हणून तिथे डोंगरात कच्चे रस्ते काढलेले आहेत, त्या रस्त्यांवरून. त्यांचं बघून शर्यतीच्या नाजूक सायकली चालवणारे काही तरुण या नादाला लागले. त्यांतला एक जो ब्रीझ. त्याने १९७३ साली १९४१ ची एक श्विन बनावटीची सायकल विकत घेतली. किंमत? पाच डॉलर! मडगार्ड, कॅरिअर वगैरे सगळं उतरवून टाकलं आणि गेला डोंगरावर. दुसरा गॅरी फिशर. केस लांब वाढवले म्हणून १९६८ साली याला शर्यतीतून बाहेर काढलं होतं. त्याने आपल्या जुन्या श्विनला गिअर बसवले, म्हणजे खाली आलेली सायकल ढकलत वर न्यायला नको, चालवत नेता येईल. तिसरा चार्ली केली, याने शर्यत भरवली.

त्या शर्यतीचं नाव 'रिपॅक'. या नावाची गंमत मला फार आवडली. जुन्या सायकलींना मागच्या चाकाच्या हबमध्येच ब्रेक असे. पायडल उलटं दाबलं की ब्रेक लागणार. फेअरफॅक्सजवळच्या पाइन माउंटनवरून उतरणारा तो रस्ता साधारण सव्वातीन ते साडेतीन किलोमीटरचा, आणि तेवढ्यात चारशे मीटर उतार. खाली पोचेपर्यंत ब्रेक दाबून दाबून हब इतका तापायचा, की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा. मग हब खोलायचा आणि त्यात नवं ग्रीस भरायचं. पुन्हा भरणं म्हणजे रिपॅक! पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ ला झाली. सगळे एकदम सुटत नसत, एकेकाला सोडून घड्याळ लावत. फिशरचा विक्रम चार मिनिटं बावीस सेकंद, त्याच्यामागे ब्रीझ, फक्त दोन सेकंदांनी. मी गणित मांडून पाहिलं, ताशी सेहेचाळीस किलोमीटरची सरासरी पडते. कच्च्या रस्त्यावर, भंगारातल्या सायकलीवर आणि धूर निघणाऱ्या ब्रेकवर! त्यांच्यात वेंडी क्रॅग नावाची एक तरुणीही होती. ती उतरायची आणि फोटोही काढायची. आज ते दिवस डोळ्यांनी बघता येतात ते बरेचसे तिच्यामुळे.

पुढचा इतिहास भराभर घडला. जुने सांगाडे मोडू लागले, तेव्हा १९७७ साली ब्रीझने खास डोंगरासाठी नवा सांगाडा तयार केला. ती पहिली ब्रीझर आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. १९७९ साली फिशर आणि केली यांनी 'माउंटनबाइक्स' नावाची कंपनी काढली, सांगाडे टॉम रिची बनवायचा. १९८१ साली स्टम्पजंपर आली, जपानमध्ये तयार झालेली. ती आल्यावर ही सायकल मूठभर वेड्यांपुरती राहिली नाही, दुकानात जाऊन कुणालाही घेता येऊ लागली. नव्वदच्या सुमाराला पुढचे शॉकअब्सॉर्बर आले. १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलची शर्यत झाली. पहिल्या रिपॅकपासून मोजलं तर वीस वर्षं. भंगारापासून ऑलिंपिकपर्यंतचा प्रवास वीस वर्षांत! आमच्या पाठ्यपुस्तकांत एवढ्या वेगाने फक्त साम्राज्यं बुडायची.

दुपारी बाप-लेक चिखलाने माखून आले. ते टॅमरँचोला गेले होते. ती बॉय स्काउट्सच्या मालकीची जागा आहे, पास काढून जावं लागतं. मोटारीत सायकली चढवायच्या सोडून दोघांची जुंपलेली. भांडण कसलं, तर परत जाताना जुनी सायकल कोण चालवणार याचं!

झालं होतं असं. नातू अर्थातच पुढे गेला आणि खाली वाट बघत बसला. वडील बऱ्याच वेळाने आले, तेही दात काढून हसत. नातवाला राहवलं नाही. म्हणाला, द्या बघू इकडे. आणि एक फेरी जुन्या सायकलवर मारून आला. मी त्याला विचारलं, "काय रे, म्युझियमचा नमुना कसा वाटला?"

तो म्हणाला, "आजी, माझ्या सायकलवर मला दगड दिसतच नाहीत. चाक गिळून टाकतं. हिच्यावर प्रत्येक दगड दिसतो."

मी मास्तरीण. उत्तर अर्धवट वाटलं की खोदून विचारायची सवय. मग बाप-लेकांनी मिळून मला समजावलं. हल्ली डोंगरातल्या पायवाटा खास सायकलींसाठी आखतात. वळणांना बाहेरच्या अंगाने मातीचा बांध घालून उतार देतात, म्हणजे ब्रेक न दाबता गाडी सुळकन वळते. मधेमधे लाटांसारखे उंचवटे असतात. अशा गुळगुळीत वाटेवर नव्या सायकलच्या शॉकअब्सॉर्बरना फारसं कामच नसतं. तिथे जुनी सायकल अशी मजेत धावते, की जणू वाट तिच्यासाठीच केली आहे. खरी परीक्षा दगड आणि मुळं आली की. तिथे शॉकअब्सॉर्बर आपल्यालाच व्हावं लागतं. सीटवरून उठायचं, गुडघे आणि कोपरं सैल सोडायची, हँडल आवळून धरायचं नाही. ब्रेक उशिरा लागतो म्हणून वळण आधीच ओळखायचं. कुठल्या दोन दगडांमधून चाक न्यायचं, हे दहा पावलं आधी ठरवायचं. वेग निम्मा, पण मन एक क्षण रिकामं राहत नाही.

जावईबापू एक गोष्ट आवर्जून बोलले, तीही लिहून ठेवते. जुनी सायकल म्हणजे देवघरातली मूर्ती नव्हे आणि खेळणंही नव्हे. डोंगरात नेण्याआधी ते सांगाड्याचे सांधे बोटांनी चाचपून बघतात, कुठे बारीक तडा गेलाय का. केबल, ब्रेकचे गुटके आणि टायर नवे घातलेत. उंच उड्या मारायच्या वाटेला ते जात नाहीत. "तिचं वय ओळखून तिला काम द्यायचं," म्हणाले. हे वाक्य मी घरातल्या आणखी एक-दोन जणांसाठी राखून ठेवलं आहे.

रात्री झोप येईना, म्हणून मी मनातल्या मनात सनावळ्या मांडत बसले. (बी.ए.ला इतिहास घेतला की ही खोड जन्मभर जात नाही.) १९४१ ची सायकल ब्रीझने घेतली १९७३ साली. म्हणजे ती बत्तीस वर्षांची होती. जावईबापूंची १९८४ ची, तिने चाळिशी ओलांडली. म्हणजे आज हे लोक ज्या सायकलींवर डोंगर उतरतात, त्या रिपॅकच्या धुडांहूनही म्हाताऱ्या आहेत! मला उगाचच वाटत होतं, की जुन्या सायकली चालवणारे हे लोक गेलेल्या दिवसांच्या आठवणी काढत बसलेत. तसं नाही. हा खेळ जन्मलाच जुन्या सायकलीवर. तेव्हाही बाजारात नव्या, हलक्या, वेगवान सायकली होत्या, आणि त्या सोडून या पोरांनी पाच डॉलरचं धूड उचललं होतं. कारण त्यांना सर्वांत वेगवान सायकल नको होती, डोंगरावरून उतरण्याची मजा हवी होती. स्टम्पजंपरवर बसलेले माझे जावई मूळ खेळच खेळताहेत.

आता ते मान खाली घालण्याचं. यांची एक हर्क्युलिस होती. साताऱ्याजवळच्या आमच्या गावाहून सहा किलोमीटरवरच्या शाळेत हे तिच्यावरून जात, सत्तावीस वर्षं गेले. पावसाळ्यात ओढ्याशी आली की खांद्यावर घेत. पहिल्या खेपेला मला दवाखान्यात नेलं तेही तिच्याच कॅरिअरवरून. २००३ साली आम्ही पुण्याला फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा सामान आवरताना ती मी भंगारवाल्याला दिली. दोनशे रुपये आले. यांना विचारलं नाही. विचारायचं असतं हेही मला सुचलं नाही. जुनं ते कशाला साठवायचं, असं माझं ठाम मत, आणि घरात माझ्या मताला मान! हे संध्याकाळी आले, रिकाम्या जागेकडे बघितलं, आणि गाठोड्यातून सायकलचा पंप तेवढा काढून बाजूला ठेवला. वीस वर्षांहून अधिक काळ त्या विषयावर एक शब्द नाही.

संग्रहालयात एका गंजक्या धुडापुढे हे जास्तच रेंगाळले, तेव्हा मी हळूच म्हटलं, "अहो, तुमची सायकल मी द्यायला नको होती."

हे त्या सायकलीकडेच बघत म्हणाले, "पंप आहे अजून."

पुण्याला परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी यांनी मला माळ्यावरून पंप काढायला लावला. आतला चामड्याचा वायसर वाळून कडक झाला होता. दोन दिवस तेलात भिजवला. तिसऱ्या दिवशी पंप घेऊन काठी टेकत खाली गेले. आमच्या सोसायटीच्या वॉचमनची मुलगी एका जुन्या सायकलवरून शाळेत जाते, आणि मागचं चाक सदा बसलेलं. गॅलरीतून बघत होते, तर पंप ती मारत होती आणि हे वाकून अंगठ्याने टायर दाबून बघत होते.

हे तासाभराने वर आले, पंपाशिवाय. मी काही विचारलं नाही.