पीप, बाटली आणि शिसे

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही इतिहासपर लिहावे, असे कार्यवाह भगिनींनी मला सुचविले. लढाया व राजवाडे यांचा इतिहास सांगण्यास माझ्याहून अधिकारी माणसे पुष्कळ आहेत. माझा वावर स्वयंपाकघरातला आणि फळे टिकविण्याच्या आपल्या वर्गातला. तेव्हा फळांचा रस वर्षभर टिकावा म्हणून माणसांनी पूर्वी काय काय केले, त्यातील एक प्रकरण निवडून येथे सांगते. हे प्रकरण आहे इंग्लंडच्या पश्चिमेकडील हेरेफर्डशायर, सॉमरसेट आणि डेव्हन या परगण्यांतल्या सायडरचे.

सायडर म्हणजे सफरचंदाचा आंबविलेला रस. त्यात मद्यार्क असतो आणि परवान्यावाचून असे पेय घरी करण्यास आपल्याकडे कायद्याची मनाई आहे. म्हणून ही पाककृती नव्हे, हे प्रारंभीच सांगून ठेवते. मात्र त्याच्या इतिहासात कोणत्याही गृहिणीने ध्यानी धरावी अशी एक गोष्ट आहे. पदार्थ करणे हे निम्मेच काम होय. तो आपण कशात करतो आणि कशात ठेवतो, यावर तो अंगी लागणार की बाधणार, हे ठरते.

खाण्याची सफरचंदे वेगळी आणि सायडरची वेगळी. सायडरची फळे बहुधा लहान, तुरट, कधी कडवटही असतात; नुसती खाऊ गेले तर तोंड वाकडे व्हावे. सप्टेंबर लागला की लांब काठ्यांनी झाडे झोडपून फळे खाली पाडीत. बायका आणि मुले ती टोपल्यांत वेचीत. मग ढीग घालून ती काही दिवस मऊ पडू देत. फळे चिरडण्याचे साधन म्हणजे दगडी गोल पन्हळ आणि तिच्यातून उभे फिरणारे दगडी चाक. ते घोडा ओढी. आपल्याकडे चुन्याची घाणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे हे चित्र लगेच उभे राहील. चिरडलेला लगदा गव्हाच्या काडात किंवा घोड्याच्या केसांच्या कापडात घालून त्याचे थरावर थर रचीत आणि मोठ्या लाकडी दाबयंत्राखाली ते पिळून काढीत.

असा घाणा आणि असे दाबयंत्र प्रत्येकाच्या घरी कोठून असणार? ज्यांच्याकडे ते नसे, ते आपली फळे शेजारच्या मोठ्या शेतकऱ्याच्या वाड्यावर नेत. पुढे एकोणिसाव्या शतकात घाणा व दाबयंत्र गाडीवर घालून गावोगाव फिरणारे सायडरवालेही होते. एकाने घोडा हाकावा, दुसऱ्याने लगदा भरावा, तिसऱ्याने पीप धरावे, अशा रीतीने हे काम चाले. आपल्या आळीत पापड-कुरडयांच्या दिवसांत जो देखावा दिसतो, तोच हा. चोथाही वाया जात नसे. त्यावर पाणी घालून पुन्हा पिळीत आणि जे सौम्य पेय निघे, ते बायकामुलांना मिळे. नारळाचे पहिले दूध एका कामाला आणि दुसरे दूध दुसऱ्या कामाला वापरणाऱ्या आपल्या भगिनींना यात नवल वाटणार नाही. परंतु पहिला रस कोणाच्या वाट्याला आणि दुसरा कोणाच्या, हे मात्र त्यांच्या नजरेतून सुटू नये.

आता साठवणीकडे वळू. रस लाकडी पिपात भरला की त्याला विरजण लावावे लागत नसे. फळांच्या सालींवर आणि घाण्याच्या फटींत मुरलेले यीस्ट आपले काम सुरू करी. रस फसफसू लागे. म्हणून बूच सैल ठेवीत. फसफस थांबली की तळाचा गाळ न ढवळता वरचा रस दुसऱ्या स्वच्छ पिपात घेत, पीप काठोकाठ भरीत आणि बूच घट्ट बसवीत. हवा आत राहिली की रसाचा शिर्का झालाच म्हणून समजावे. पिपांना गंधकाची धुरी देण्याचीही चाल होती. लोणच्याच्या बरणीला आपण हिंगाची धुरी देतो, तसाच हा प्रकार.

सतराव्या शतकात पिपाच्या जोडीला बाटली आली. 1615 मध्ये इंग्लंडच्या राजाने काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळण्यास बंदी केली; जहाजांसाठी लाकूड राखून ठेवणे हा हेतू. भट्ट्या दगडी कोळशावर आल्या, आच वाढली आणि काच अधिक जाड व भक्कम होऊ लागली. त्याच काळात हेरेफर्डशायरमध्ये लॉर्ड स्कुडमोर यांनी ‘रेडस्ट्रीक’ नावाच्या वाणाला प्रतिष्ठा मिळवून दिली. भक्कम बाटलीत सायडर भरून, चिमूटभर साखर घालून बूच मारले, तर ते आतल्या आत पुन्हा आंबते आणि उघडताच बुडबुडे उसळतात, हे तेथील लोकांच्या ध्यानी आले. जॉन एव्हलिन यांच्या 1664 मधील ‘पोमोना’ या ग्रंथभागात सायडर बाटलीत भरण्याविषयी लिहिलेले आहे. फ्रान्समधील शॅम्पेनचे जनक म्हणून ज्या दों पेरिन्यों यांचे नाव घेतात, ते आपल्या मठात 1668 मध्ये आले, हे लक्षात घेतले म्हणजे या खेडवळ पेयाची थोरवी कळते.

घरातल्या या पिपांवर पुढे सरकारचीही नजर गेली. सात वर्षांचे युद्ध संपले, कर्ज डोईजड झाले आणि 1763 मध्ये लॉर्ड ब्यूट यांच्या मंत्रिमंडळाने सायडरवर हॉग्जहेडमागे, म्हणजे सुमारे 240 लिटरांच्या पिपामागे, 4 शिलिंगांचा कर बसविला. बोचणी रकमेची होतीच. पण करवसुलीचे अधिकारी घरच्यापुरते पेय करणाऱ्याच्याही घरात शिरून पिपे मोजू शकतात, ही बोचणी अधिक होती. पश्चिमेच्या परगण्यांत निषेधाच्या सभा झाल्या, पार्लमेंटात थोरल्या पिटसाहेबांनी विरोध केला आणि 1766 मध्ये तो कर रद्द झाला. उंबरठ्याच्या आतले पीप घरधन्याचे, हे लोकांनी सरकारकडून मान्य करून घेतले.

परंतु ज्या पिपासाठी लोक एवढे झगडले, त्याच्या आत काय होते? डेव्हनमध्ये फार वर्षांपासून एक पोटशूळ होता. हंगाम आला की माणसे असह्य कळांनी लोळत, शौच कोंडे, काहींच्या मनगटांतले बळ जाऊन हात लुळे पडत. प्लिमथचे डॉक्टर जॉन हक्सम यांनी 1739 मध्ये या दुखण्यावर ग्रंथ लिहिला. दोष सायडरच्या आंबटपणाचा, असे त्यांचे मत. पण मग हेरेफर्डशायरमध्येही सायडर पीत होते, तेथे हे दुखणे का नव्हते? हा प्रश्न डेव्हनमध्येच जन्मलेल्या डॉक्टर जॉर्ज बेकर यांना पडला. त्यांनी दोन्हीकडचे घाणे आणि दाबयंत्रे यांची चौकशी केली. डेव्हनमध्ये दगडी पन्हळीचे तुकडे जोडताना सांध्यांत शिसे ओतीत, दाबयंत्रांना शिशाचा पत्रा मारीत. हेरेफर्डशायरमध्ये ती रीत जवळजवळ नव्हती. रसायनांच्या कसोटीने त्यांनी डेव्हनच्या सायडरमध्ये शिसे सापडल्याचे दाखविले आणि 1767 मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला.

यावर डेव्हनच्या सायडरवाल्यांनी त्यांचे आभार मानले नाहीत, ते चिडले. आपले पेय, आपल्या बापजाद्यांचा घाणा, त्यात विष कसे असेल? हा राग समजण्यासारखा आहे. घरच्या पदार्थावर आपला जो विश्वास असतो, तो त्याला आपला हात लागलेला असतो म्हणून. तो विश्वास भांड्याची परीक्षा मात्र करीत नाही. पुढे घाण्यांतून व दाबयंत्रांतून शिसे जात चालले, तसतसे ते दुखणेही ओसरले.

हे वाचताना मला आपला ‘कळकणे’ हा शब्द आठवला. बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात आमटी किंवा ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या आज्यांना कोणत्याही निबंधावाचून ठाऊक होते. आंबट पदार्थ धातू खातो, हेच ते ज्ञान. म्हणून तर कल्हईवाला दारी येई आणि लोणचे, कोकमाचे आगळ चिनी मातीच्या बरणीत वा काचेत जाई. पण एक भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तांब्या-पितळेचा दोष जीभ लगेच सांगते. शिसे मात्र तसे सांगत नाही. आंबट रसात मिसळले की उलट गोडसर लागते. शिशाच्या एका क्षाराला ‘शिशाची साखर’ असे नाव पडले, ते यामुळेच. जिभेवर विसंबून या विषाची पारख होत नाही.

आता दारी कल्हईवाला क्वचितच येतो आणि बाजारात भांड्यांचे नाना प्रकार दिसतात. अशा वेळी दोन गोष्टी पाळाव्यात. कल्हई करून घ्यायची तर शुद्ध कथलाची. स्वस्त पडते म्हणून शिसे मिसळलेली नको. आणि रंगीत झिलईची, कोठून आली हे ठाऊक नसलेली मातीची भांडी शोभेला ठेवावीत. चिंच, लिंबू, कोकम त्यांत घालू नये, कारण झिलईतही शिसे असू शकते. मंडळात आपण दरवर्षी मिळून लोणचे घालतो, तेव्हा कैऱ्या कोणी आणल्या आणि मसाला कोणी कुटला, हे आपण कौतुकाने सांगतो. यापुढे बरण्या कोणी पारखल्या, तिचेही नाव त्यात असावे, एवढीच या निमित्ताने विनंती.