ब्रॉयलरच्या खाद्यातला ओवा

ब्रॉयलरच्या खाद्यात हल्ली ओव्याच्या, ओरेगानोच्या जातीची तेलं घालतात. आजीबाईच्या बटव्यातून ती तिथे आली, असा समज सहज होतो. पण त्यांची कुळकथा सुरू होते ती औषधाच्या कारखान्यातल्या चोथ्यापासून.

1948 साली थॉमस ज्यूक्स न्यूयॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हर इथे, लेडर्ली कंपनीत, पिल्लांच्या खाद्यासाठी बी-12 जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. कंपनीत ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक तयार होई आणि ते काढून घेतल्यावर आंबवणाचा चोथा उरे. ज्यूक्स यांनी तो पिल्लांना चारला, तर ती बी-12साठी यकृताचा अर्क खाणाऱ्या पिल्लांहूनही जड भरली. नुसत्या बी-12मुळे एवढं वजन वाढणं शक्य नव्हतं. चोथ्यात राहून गेलेलं प्रतिजैविकच ते वाढवत होतं. 1951पासून अमेरिकेत टनामागे काही ग्रॅम प्रतिजैविक निरोगी पक्ष्यांच्या खाद्यात रीतसर जाऊ लागलं.

पुढे इंग्लंडमध्ये मारी कोट्स आणि सहकाऱ्यांनी जंतुविरहित पेटीत पिल्लं वाढवली. त्यांना पेनिसिलिन देऊनही जास्तीची वाढ दिसली नाही. हा प्रयोग 1963 साली प्रसिद्ध झाला, आणि मला या साऱ्या इतिहासात तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. औषधाची ताकद म्हणून जी विकली जात होती, ती बरीचशी शेडमधल्या जंतूंच्या ओझ्याची भरपाई होती.

या भरपाईची किंमत माणसांनीही मोजली. युरोपात कोंबड्यांना दिलं जाणारं ॲव्होपार्सिन हे रुग्णालयात माणसांना दिल्या जाणाऱ्या व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाचं सख्खं भावंड. ते खाणाऱ्या पक्ष्यांच्या आतड्यात व्हँकोमायसिनला दाद न देणारे जंतू सापडू लागले. स्वीडनने वाढीसाठीची प्रतिजैविकं 1986मध्येच बंद केली होती, तीही तिथल्या शेतकरी संघटनेच्याच मागणीवरून. डेन्मार्कने 1995 साली ॲव्होपार्सिन थांबवलं आणि 1 जानेवारी 2006पासून अख्ख्या युरोपीय संघात ही वापराची रीत संपली.

पण शेडमधले जंतू कुठे जाणार? आतड्याचं अस्तर कुजवणारा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स डोकं वर काढू लागला. ती पोकळी भरायला सुगंधी तेलं आली. ओरेगानोतलं कार्व्हॅक्रॉल आणि ओव्यातलं थायमॉल या रेणूंत अणू तेच आणि तेवढेच, फक्त एका गटाची जागा वेगळी. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर एका बाटलीत घातले की तिन्ही खडे विरघळून अमृतधारा होते. त्यातलं ओव्याचं फूल म्हणजेच थायमॉल. जंतूच्या पेशीचं आवरण ते सैल करतं आणि आतला ऐवज बाहेर झिरपतो.

युरोपच्या कायद्यात यांतली बरीच तेलं औषध म्हणून नव्हे, तर खाद्याला चव-वास देणारे पदार्थ म्हणून नोंदली गेली. त्यामुळे बाजारात यायला ती रोग बरा करतात हे सिद्ध करावं लागलं नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बेल अँड इव्हान्स या कंपनीने ओरेगानोचं तेल आणि दालचिनी वापरून पक्षी वाढवले. तिथेही शेडची कडक स्वच्छता सोबतीला होतीच.

तेलाच्या अडचणीही आहेत. खाद्याच्या गोळ्या वाफेवर बनतात, त्या उष्णतेत ते उडून जातं. त्यातून वाचलं, तर लहान आतड्याच्या सुरुवातीलाच शोषलं जातं, खालच्या भागातल्या जंतूंपर्यंत पोचतच नाही. म्हणून त्याच्या थेंबांवर चरबीचा मुलामा देतात. तो आतड्यात हळूहळू पचत जातो आणि तेल पुढेपर्यंत सुटत राहतं. शिवाय पीक कुठलं, कापणी कधीची, यावर तेलातल्या घटकांचं प्रमाण बदलतं. त्यामुळे एका शेडमध्ये दिसलेला गुण दुसरीकडे दिसेलच असं नाही.

भारताने 2019 साली खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांमध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी घातली. आपल्याकडे करारावर पक्षी वाढवणाऱ्याला पिल्लं आणि खाद्य दोन्ही कंपनीकडून मिळतात, त्यामुळे पोत्यात काय आहे ते त्याच्या हातात नसतं. त्याच्या हातात असतं ते लिटर, म्हणजे शेडच्या जमिनीवरचं अंथरूण: तूस ओलं झालं की ते उकरून, चुना मिसळून कोरडं ठेवणं, पाणी पिण्याच्या निपलखाली साचलेलं पाणी काढणं, पडदे उघडून अमोनियाचा वास बाहेर जाऊ देणं. जंतूंचं ओझं हलकं करण्याचं काम कोणतंही तेल येण्याआधी इथेच सुरू होतं, आणि कराराचा दर ठरवताना या मेहनतीचे पैसे वेगळे धरले गेले पाहिजेत.