काचेच्या आतला पाऊस

सोसायटीच्या फाटकावर, चौकातल्या खांबावर, एटीएमच्या दारावर टांगलेला कॅमेरा आता इतका अंगवळणी पडला आहे, की मान वर करून त्याच्याकडे कुणी बघतही नाही. त्याच्याबद्दल लिहिणारे बहुतेक लोक पाळतीबद्दल लिहितात. तो विषय मोठा आहे, त्यावर पुन्हा कधीतरी. आज मला त्याहून साध्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे. हा बिचारा चार महिने पाऊस, आठ महिने ऊन आणि बाराही महिने धूळ खात उभा राहतो, तो कशाच्या जोरावर? मी आयुष्यभर इतिहास शिकवला, विज्ञान नाही. तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

असा तारेनं जोडलेला, लांबून बघण्याचा कॅमेरा पहिल्यांदा वापरला तो जर्मनीत, १९४२ साली. पेनेमुंडे इथे व्ही-२ अग्निबाणांच्या चाचण्या चालत. जवळ उभं राहणं म्हणजे मरणच, म्हणून वाल्टर ब्रुख या अभियंत्यानं उड्डाण दुरून पाहण्याची ही सोय केली. (हेच गृहस्थ पुढे रंगीत दूरदर्शनच्या ‘पाल’ पद्धतीचे जनक झाले. आपण १९८२च्या एशियाडला रंगीत टीव्ही पाहिला, तो याच पद्धतीनं.)

पण मला वाटतं, या कॅमेऱ्याचा खरा पूर्वज शोधायचा तर आणखी शंभर वर्षं मागं, इंग्लंडच्या किनाऱ्यावर जायला हवं. तिथल्या दीपगृहांचा कारभार ट्रिनिटी हाउस या संस्थेकडे होता आणि १८३६ पासून तिचे शास्त्रीय सल्लागार होते मायकेल फॅरडे. होय, तेच, विद्युतचुंबकत्ववाले, लोहाराचे चिरंजीव. तेव्हाच्या दीपगृहांत तेलाचे मोठाले दिवे जळत आणि भोवती काचेचं दालन असे. बाहेरच्या वादळाला काचा टिकत. तक्रार वेगळीच होती. काच आतून घामेजायची, थंडीत त्या घामाचं बर्फ व्हायचं आणि उजेड समुद्रापर्यंत पोचायचाच नाही. जहाजावरच्या माणसाच्या दृष्टीनं दिवा विझलेलाच!

हे पाणी यायचं कुठून? तर दिव्यातूनच. एक किलो तेल जळलं, की एक किलोहून थोडं जास्तच पाणी वाफेच्या रूपानं बाहेर पडतं. तेलातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनला भेटतो आणि पाणी तयार होतं. ही वाफ गार काचेला टेकली की दव. काचा आणखी घट्ट बसवून उपयोग शून्य, उलट वाफ आतच कोंडणार. फॅरडेंनी १८४०च्या सुमारास दिव्यावर धुरांडं बसवून वाफ आणि धूर बाहेर काढून दिला. धुरांड्याचे तुकडे असे जोडले, की वाऱ्याचा झोत उलटा आला तरी तो मधल्या फटींतून निसटावा, ज्योत विझू नये. त्या तत्त्वावरच्या दिव्याच्या पेटंटचा हक्क त्यांनी आपल्या भावाला, रॉबर्टला, देऊन टाकला. स्वतःच्या नावावर पैसा करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

मंडळी, आजच्या कॅमेऱ्याचं दुखणं नेमकं हेच आहे. बाहेरच्या पाण्याचा बंदोबस्त बराचसा झाला. त्याचं श्रेय रबराच्या एका कड्याला, म्हणजे ओ-रिंगला. नील्स क्रिस्टेन्सन नावाच्या, डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेल्या कारागिरानं त्याच्या पेटंटसाठी १९३७ साली अर्ज केला, तेव्हा त्याचं वय होतं ७२. (आमच्या वयाच्या मंडळींनी नोंद घ्यावी.) खाचेत बसवलेलं कडं दाबलं गेलं की दोन्ही बाजूंना फुगून चिकटतं, इतकी साधी युक्ती. तिची ताकद आणि तिचं दुबळेपणही जगानं २८ जानेवारी १९८६ रोजी पाहिलं. थंडीनं कडक झालेलं कडं वेळेत फुगलं नाही आणि चॅलेंजर यान सात अंतराळवीरांसह उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं. पुढे चौकशीत रिचर्ड फाइनमन यांनी बर्फाच्या पाण्यात तसल्या रबराचा तुकडा बुडवून सगळ्यांदेखत ते सिद्ध केलं. आपल्याकडे गोठवणारी थंडी नाही, पण ऊन आहे. उन्हानंही रबर कडक होतं, तडकतं.

यंत्राची पेटी किती घट्ट, हे ठरवायला १९७६ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण आलं. खोक्यावर ‘आयपी ६६’ लिहिलेलं असतं ते हे. पहिला आकडा धुळीचा. सहा म्हणजे टाल्कम पावडर उडवत ठेवलेल्या बंद कपाटातही आत कण जाता कामा नये. दुसरा पाण्याचा. सहा म्हणजे साडेबारा मिलिमीटर तोंडाच्या नळीनं, मिनिटाला शंभर लिटर या वेगानं, अडीच-तीन मीटरवरून निदान तीन मिनिटं पाण्याचा मारा. सात असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास. ऐकायला भारी वाटतं. पण परीक्षा होते ती कोऱ्या पेटीची, गोड्या पाण्यानं. पाच उन्हाळे काढलेल्या रबराची किंवा रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्याची हमी त्या आकड्यात नाही.

शिवाय घट्ट पेटीचा एक उलटा धर्म असतो. गरम भाताच्या डब्याला घट्ट झाकण लावा, गार झाल्यावर ते निघता निघत नाही. आतली हवा आकसते आणि झाकण ओढून धरते. कॅमेऱ्याचंही तेच. दिवसभर तापलेल्या पेटीवर वळवाची सर कोसळली, की आतली हवा एकदम आकसते आणि पेटी फटीवरचं पाणी चक्क शोषून घेते. रोज थोडं थोडं. एकदा आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही. मग रात्री कॅमेऱ्याचा अवरक्त दिवा लागला, की उजेड त्या दवावरून परततो आणि पडद्यावर नुसतं पांढरं धुकं.

यावर सिलिका जेलच्या पुड्या टाकतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले वॉल्टर पॅट्रिक यांनी १९१९ साली त्याचं पेटंट घेतलं. पुडी बरी, पण एकदा पाण्यानं भरली की तिचं काम संपलं. खरा इलाज सापडला तो १९६९ साली. रॉबर्ट गोर यांनी तापवलेली टेफ्लॉनची कांडी हळू ओढण्याऐवजी वैतागून खसकन ओढली. ती तुटली नाही, लांबली, आणि सूक्ष्म छिद्रांचं एक कापड हाती आलं. त्यातून हवा आणि वाफ जाते, पाण्याचा थेंब जात नाही. आता चांगल्या पेट्यांना अशी चकती बसवतात, म्हणजे पेटी श्वास घेते. फॅरडेंचं धुरांडंच, नव्या रूपात.

हे सगळं मी वाचायला लागलो, त्याला कारण घडलं आमच्याच सोसायटीत. मागच्या पावसाळ्यात एका रात्री पाण्याच्या टाकीजवळची मोटर चोरीला गेली. चित्रीकरण पाहिलं तर तीन तास धुकं. कॅमेऱ्यात काही नाही म्हणजे आतल्याच माणसाचं काम, असं दोघा-तिघांनी ठरवलं आणि संशय रात्रपाळीच्या वॉचमनवर आला. त्याला दुसऱ्या दिवशी काढलं, दीड महिन्याचा पगारही अडकवला. मी त्याच्या ड्युटीचं रजिस्टर मागून घेतलं. जूनमधली नोंद होती, त्याच्याच वेड्यावाकड्या अक्षरात: ‘क्यामेऱ्यात पाणी. वायरवरून उतरतंय.’ खाली कुणाचीही सही नाही.

माणसानं बरोबर पाहिलं होतं. गच्चीवरून वायर सरळ उतरून पेटीत शिरली होती आणि शिरायच्या भोकाला रबरी बूचच नव्हतं. पेटी ‘आयपी ६६’ची, पण भोक आपलं मोकळं! कोकणातला कुणीही गवंडी सांगेल, की पाण्याला उतार दाखवायचा आणि टोकाशी त्याला खाली टपकू द्यायचं. पागोळ्या भिंतीवर नव्हे, अंगणात पडल्या पाहिजेत. वायरीलाही तसाच खाली झोल देतात, म्हणजे थेंब झोलाच्या तळाशी येऊन गळून पडतो. एक वीतभर वायर जास्त लागते, एवढंच.

सभेत मी रजिस्टरचं ते पान वाचून दाखवलं. थोडी वादावादी झाली, मग पगार द्यायचं ठरलं आणि दिला. कामावर परत ये म्हणून सेक्रेटरींनी फोनही केला. तो म्हणाला, “नको साहेब, दुसरीकडे लागलोय. तिथं क्यामेरा नाही.”