जुनेर आणि शालू

फ्रान्समधील कानच्या चित्रपट महोत्सवात लाल गालिचावरून चालणाऱ्या नटीला एक धास्ती असते. तोच पोशाख पुन्हा अंगावर दिसला तर लोक काय म्हणतील? पुष्कळदा तो त्या संध्याकाळपुरता उसना आणलेला असतो, तरी तो नवा आणि एकमेव असला पाहिजे. आमचे विद्यार्थी हे हौसेने वाचतात, वाचावे. पण अस्सल वस्त्राच्या या हव्यासाला आपल्या सातारा-सांगलीतही इतिहास आहे, आणि तो नटनट्यांपाशी संपत नाही.

१९०५ साली मिरजेत किर्लोस्कर मंडळीच्या 'शाकुंतला'त नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, प्रथम शकुंतला होऊन उभे राहिले. कुलीन स्त्रीने रंगभूमीवर येणे ज्या समाजाला अब्रूचे वाटत नव्हते, त्याच समाजाने या पुरुषाला स्त्रीसौंदर्याचा मापदंड केले! १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. शालू खरा हवा, जर खरी हवी, अत्तरही खरे हवे. पांढरपेशा घरांतील स्त्रिया त्यांचे नेसणे, त्यांचा अंबाडा डोळ्यांत साठवून घरी जात आणि तसेच करीत. मंडळी कर्जात बुडाली, त्याला हा डामडौलही कारणीभूत होता. तरी हट्ट सुटला नाही. कलावंताचा हट्ट म्हणून त्याचे आजही कौतुक होते, आणि ते मला खटकत नाही.

खटकते ते दुसरेच. त्याच काळात, तेव्हाच्या सातारा आणि आजच्या सांगली जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव तमाशाचा फड गाजवीत होते. त्यांच्या फडात पवळा नाचे. ती महाराची. तिचेही लुगडे नऊवारीच. पण बालगंधर्वांचे नेसणे घराघरांत शिरले आणि पवळेचे बोर्डावरच राहिले. नवे वस्त्र कोणाच्या अंगावर संस्कृती ठरते आणि कोणाच्या अंगावर छिनालपणा, हे कापड ठरवीत नाही.

गावकुसाबाहेर तर नव्या वस्त्राचा प्रश्नच नव्हता. तिथे जुनेर होते. पाटलिणीने वापरून विटलेले लुगडे सणासुदीला, बाळंतपणाला पदरात पडे. माझ्या आजीने उभ्या आयुष्यात कोरी घडी मोडली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मढ्यावरचे कापड हा तर महाराचा हक्क! मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळासाठी हेच सांगितले आहे: वस्त्रे मेलेल्यांची, दागिने लोखंडाचे. उसन्या झग्याने नटीची किंमत वाढते. जुनेर मात्र नेसणारीची पायरी साऱ्या गावाला दाखवीत असे, आणि त्यासाठीच ते दिले जात असे, असे मला वाटते.

ही स्मृती २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळली गेली. त्याच परिषदेत, दोन दिवसांनी, बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. १९०० साली साताऱ्याच्या हायस्कुलात नाव घातलेला हा मुलगा आता बॅरिस्टर होता, आणि बोलत होता लुगड्याविषयी! ज्या नेसण्यावरून तुमची जात ओळखू येते ते टाका, लुगडे घोट्यापर्यंत नेसा. गळ्यातल्या गळसऱ्यांचे आणि कोपरापर्यंतच्या गोटांचे ओझे उतरवा, घालायचेच तर सोने घाला. आमच्या काही सुशिक्षितांना यात सवर्णांचे अनुकरण दिसते. ते पुरते खोटे नाही. पण पेहराव ही जिथे जातीची पाटी असते, तिथे ती पाटी पुसणे हे अनुकरणाहून पुष्कळ मोठे असते. बायांनी त्याच रात्री नेसणे बदलले.

याची किंमत किती होती हे आठवड्याभरातच वर्तमानपत्रात आले. ४ जानेवारी १९२८ च्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त इंदूरकडील बलाई या अस्पृश्य जातीची हकीकत छापली गेली. पुढे 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी ती नोंदवली आहे. सवर्णांनी घातलेल्या अटींत जरीकाठी पागोटे बांधायचे नाही, रंगीत किंवा नक्षीदार काठाचे धोतर नेसायचे नाही, बायांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, ही कलमे होती. बलायांनी नकार दिला. त्यांना विहिरी बंद झाल्या, गुरांची चराई बंद झाली, उभ्या पिकांचा नाश झाला. शेकडो कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडून धार, देवास, भोपाळ, ग्वाल्हेरच्या मुलखात निघून गेली.