अन्न, आंतडें आणि मन

१९७६ सालीं महाड तालुक्यांतील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले, तेव्हां त्या भागांत तांबड्या विंचवाच्या दंशानें मुलें दगावत असत. दंशाची खूण दिसावयास क्षुद्र. परंतु थोड्याच वेळांत मूल ओकूं लागे, घामानें न्हाऊन निघे आणि त्याचे हातपाय गार पडत. पोटांत कांहीं गेलेलें नसतां पोट कां ढवळावें? उत्तर मज्जातंतूंत होतें. विषानें ते भडकत, आणि हृदयाबरोबर जठरही त्यांच्या तडाख्यांत सांपडे. 'प्राझोसिन' औषधाच्या उपयोगानें पुढें पुष्कळ मुलें वांचलीं.

हें झालें टोकाचें उदाहरण. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढतांना एस्. टी.त ओकणाऱ्या मुलाच्या पोटांतही दोष नसतो. वळणांनीं गोंधळतो तो कानांतील तोल. परीक्षेच्या सकाळीं ज्याला घास गिळवत नाहीं, त्याचीही गत फारशी निराळी नव्हे.

प्राचीनांस हें ठाऊक होतें. अरोचकाचीं कारणें सांगतांना चरकसंहितेनें वातादि दोषांच्या पंक्तींत शोक, भय, अतिलोभ आणि क्रोध यांना बसविलें. उपचारांत आवडीचें अन्न, हर्ष आणि आश्वासन सांगितलें. ज्या 'दासबोधा'चें लेखन परंपरा महाडजवळच्या शिवथर घळींत झालें असें मानते, त्यांतही देह, इंद्रियें व प्राण यांच्या योगें होणारें दुःख एकाच आध्यात्मिक तापांत गणलें आहे. पुढील काळानें मात्र देह व मन यांची वांटणी केली, आणि वांटणींत मूल उपाशी राहिलें.

१८२२ सालीं अमेरिकेंत बंदुकीच्या गोळीनें अलेक्सिस सेंट मार्टिन याच्या जठरास कायमचें भोंक पडलें. त्यांतून डोकावतां डोकावतां डॉ. ब्यूमाँट यांना रागाचा जठरावर होणारा परिणाम डोळ्यांनीं दिसला. १९५८ सालीं ब्रिस्टलच्या डॉ. अ‍ॅप्ली यांनीं एक हजार शाळकरी मुलांची पाहणी केली. दर दहांपैकीं सुमारें एकास वारंवार पोटदुखी आढळली. तपासणींत शारीरिक विकार मात्र क्वचितच सांपडे. अशा दुखण्यास 'सोंग' म्हणणें हा अन्याय होय. वेदना खरीच असते. आंतड्याच्या भिंतींत मज्जातंतूंचें दाट जाळें असतें. त्याचा आणि मेंदूचा संवाद बिघडला कीं साधें भरलेलें पोटही दुखूं लागतें. मग मूल जेवणास भितें, कमी खातें, आणि कमी खाण्याची संवय झालेलें जठर पुढच्या घासाला अधिकच कुरकुरतें. २०१६ सालच्या 'रोम' निकषांनीं या विकारांना आंतडें-मेंदू परस्परसंबंधाचे विकार हें नांव दिलें.

उपचारांत जबरदस्तीला स्थान नाहीं. ठरल्या वेळीं थोडें थोडें खाणें, नाचणीची पेज वा मऊ भात यांपासून हळूहळू पदार्थ वाढविणें, शाळा चालूं ठेवणें, आणि जरूर तेथें मानसोपचारतज्ज्ञाकडून भीतीवर वर्तनोपचार करणें, असा हा मार्ग आहे. जेवण पुन्हां तोंडांत येणाऱ्या मुलांना पोटानें सावकाश श्वास घेण्यास शिकवितात. वजन घटत असेल, उंची खुंटली असेल, शौचांतून रक्त जात असेल किंवा वेदनेनें रात्रीं जाग येत असेल, तर मनाकडे बोट दाखविण्यापूर्वीं वैद्यकीय तपासणी अवश्य करावी. मूल बारीक होण्याच्या धास्तीनें अन्न टाळीत असेल, तर तो विकार निराळा असून त्यालाही विलंब चालत नाहीं.