ई-टाइप की ९११? (रोजच्या वापरासाठी)

गेले दोन शनिवार रिलीजमध्ये गेले, त्यामुळे इथे धूळ बसली होती. आज सकाळी लॅपटॉप साफ करताना एक जुनं एक्सेल शीट सापडलं. नाव होतं 'जॅग की पोर्श फायनल ७'. (फायनलच्या सात आवृत्त्या! आपला धंदाच तसा.) म्हटलं, चला, आज हेच.

२०१८-१९ मध्ये मी कॉव्हेंट्रीला ऑनसाइट होतो. आमच्या टीममध्ये डेटाबेस सांभाळणारा एक साठीकडे झुकलेला माणूस होता. त्याला आपण साहेब म्हणू, कारण तो खराखुरा इंग्रज साहेबच होता. साहेबाचे वडील जॅग्वारच्या ब्राउन्स लेन कारखान्यात सीटांची कातडी शिवायचे. स्वतः शिवलेल्या सीटांवर बसायची त्यांची ऐपत अर्थातच नव्हती. पण १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल पिणाऱ्या जुन्या स्पोर्ट्स गाड्या मातीमोल झाल्या आणि त्यांनी १९६५ची एक ई-टाइप कूपे सेकंडहँड घेतली. वडील गेल्यावर ती साहेबाकडे आली.

साहेबाची अडचण अशी, की गॅरेज एक, गाडी एक, आणि त्याला ती रोज चालवायची होती. ऑफिसला, टेस्कोला, पावसात, जानेवारीत. "ठेवायची आणि पुसायची" हा प्रकार त्याला मान्य नव्हता. आणि तरुणपणापासून त्याच्या मनात होती पोर्श ९११. घरात हे बोलायची सोय नव्हती. ब्राउन्स लेनवाल्याच्या घरात पोर्शचं नाव म्हणजे सदाशिव पेठेत चितळ्यांना नावं ठेवण्यासारखं. ई-टाइप विकली तर ऐंशीच्या दशकातली एक ९११ एससी आरामात येत होती. मला म्हणाला, तू तिऱ्हाईत आहेस, तू शीट कर.

शीट करता करता मी इतिहासात जो घुसलो तो महिनाभर बाहेर आलो नाही.

ई-टाइप जगानं पहिल्यांदा पाहिली ती मार्च १९६१ मध्ये, जिनिव्हाला. गाडी कॉव्हेंट्रीहून रस्त्यानंच चालवत नेली होती आणि ती अगदी ऐन वेळेला पोचली. लोकांनी चक्कर मारायला एवढी गर्दी केली, की दुसरी गाडी मागवावी लागली. जॅग्वारचा टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्यूइस ती रातोरात कॉव्हेंट्रीहून जिनिव्हाला घेऊन आला. (हा गृहस्थ २०१९ मध्ये, ९८व्या वर्षी गेला. त्या दिवशी साहेब ऑफिसात फारसा बोलला नाही.) ३.८ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, कंपनीच्या सांगण्याप्रमाणे २६५ हॉर्सपॉवर, ताशी १५० मैल म्हणजे २४० किलोमीटरच्या वर, आणि उघड्या गाडीची किंमत २०९७ पौंड. त्या काळात एवढ्या वेगाची इटालियन गाडी घ्यायची तर याच्या दुपटीहून जास्त मोजावे लागत. आता १५० मैलांची गंमत अशी, की पत्रकारांना दिलेल्या गाड्या खास 'तयार' केलेल्या होत्या. सामान्य गिऱ्हाइकाची गाडी त्या आकड्याच्या थोडी अलीकडेच थांबायची. डेमो एन्व्हायर्नमेंट आणि प्रॉडक्शन यातला फरक तेव्हाही होता तर!

तो आकार काढणारा माल्कम सेयर हा माझा या गोष्टीतला हीरो. युद्धकाळात तो ब्रिस्टल कंपनीत विमानांवर काम करायचा, १९५१ मध्ये जॅग्वारमध्ये आला. त्याला स्टायलिस्ट म्हटलेलं आवडायचं नाही. बॉनेटची ती लांबलचक वळणं त्यानं हातानं रेखाटून 'छान दिसतंय' म्हणून ठरवली नाहीत, तर लॉग टेबलं घेऊन सूत्रांनी बिंदू काढले. कॉम्प्युटर नसताना. १९५५ ते ५७ अशी सलग तीन वर्षं ल मान्सची शर्यत जिंकणारी डी-टाइप त्याचीच, आणि ई-टाइप तिचीच रस्त्यावरची बहीण. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं एक निळी ई-टाइप आपल्या संग्रहात घेतली. सेयर मात्र १९७० मध्येच गेला होता.

पण म्युझियमला ती रोज सकाळी आठला चालू करावी लागत नाही.

इथेच साहेबाच्या शीटमधले लाल खाने सुरू होतात. ई-टाइपचं अख्खं नाक पुढच्या बाजूला उलटतं आणि इंजिन ताटात वाढल्यासारखं समोर येतं. तीन एसयू कार्ब्युरेटर, स्पार्क प्लग, सगळं हाताशी. आमच्या बाबांनी पद्मिनीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून जे रविवार काढले, त्यांना हे दृश्य स्वर्ग वाटलं असतं. पण क्लच बदलायचा म्हटलं, की इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनं बाहेर काढावे लागतात. मागचे डिस्क ब्रेक चाकांजवळ नाहीत, आत डिफरन्शियलला चिकटून आहेत. वजनाच्या हिशोबानं फार हुशार रचना! पण ब्रेकची उष्णता डिफरन्शियलच्या ऑइल सीलना शेकत बसते, आणि नीट काम करायचं तर मागचा सगळा सांगाडा खाली उतरवावा लागतो. सुरुवातीच्या गाड्यांच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता. १९६४ मध्ये ४.२ लिटरचं इंजिन आलं तेव्हा गिअरबॉक्स सुधारला, सीटा बसण्याजोग्या झाल्या, डायनामो जाऊन अल्टरनेटर आला. साहेबाची गाडी यातली, म्हणजे रोजच्या वापराला त्यातल्या त्यात शहाणी.

खरा शत्रू वेगळाच. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, बर्फ धरू नये म्हणून. ई-टाइपचा पत्रा हाच तिचा सांगाडा. दाराखालच्या पोकळ पट्ट्या, फरशी, कोपरे, सगळीकडे पाणी आणि मीठ जाऊन बसतं आणि आतून खायला लागतं. वरून रंग चकाचक, आत पापड. या गाडीवर खर्च होतो तो बहुतेक इंजिनावर नव्हे, या पत्र्यावर.

आता पोर्श. १९६३च्या सप्टेंबरात फ्रँकफर्टला दाखवली तेव्हा तिचं नाव ९०१ होतं. मधे शून्य असलेले तीन आकडी नंबर आमचे, असं म्हणत प्यूजोनं आक्षेप घेतला आणि १९६४ मध्ये तिची ९११ झाली. आकार फर्डिनंड अलेक्झांडर पोर्शचा, म्हणजे संस्थापकाच्या नातवाचा. दोन लिटरचं, हवेनं थंड होणारं सहा सिलिंडरचं इंजिन, १३० हॉर्सपॉवर. ई-टाइपच्या निम्मी! आणि ब्रिटनमध्ये किंमत मात्र ई-टाइपपेक्षा जास्त. कागदावर हा सामना पहिल्याच ओव्हरमध्ये संपायला हवा होता.

शिवाय इंजिन चुकीच्या ठिकाणी. मागच्या चाकांच्याही मागे. वळणावर वेगात असताना घाबरून ॲक्सिलरेटर सोडला, की शेपूट पुढे यायला बघते. सुरुवातीच्या काही गाड्यांत पोर्शवाल्यांनी काय करावं? पुढच्या बंपरमध्ये ११-११ किलोची लोखंडी वजनं घातली! आपण कोडमध्ये डिले टाकून बग दाबतो ना, तोच प्रकार. पण ते तिथे थांबले नाहीत. १९६९च्या मॉडेलला त्यांनी मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली, आणि एका बॅटरीऐवजी दोन बॅटऱ्या पुढच्या दोन कोपऱ्यांत बसवल्या. इंजिन होतं तिथेच राहिलं.

माझ्या मते या दोन गाड्यांमधला मुख्य फरक हॉर्सपॉवरचा नाहीच. ई-टाइप ही अफलातून आवृत्ती १.० होती, आणि पुढचं प्रत्येक रिलीज तिला थोडं थोडं जड करत गेलं. तिच्या बहुतेक गाड्या परदेशात जायच्या, त्यातही अमेरिकेत. १९६८च्या सुमाराला तिथले धुराचे आणि सुरक्षेचे नियम आले. अमेरिकेतल्या गाडीचे तीनाचे दोन कार्ब्युरेटर झाले, दिव्यांवरच्या सुंदर काचा गेल्या. १९७१ मध्ये बारा सिलिंडरचं इंजिन आलं, १९७४ मध्ये उत्पादन थांबलं. एकूण बहात्तर हजारांच्या वर गाड्या झाल्या. याच काळात जॅग्वार आधी बीएमसीत आणि मग १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँडमध्ये विलीन झाली होती. त्या कडबोळ्यात कुठलंही सुंदर काम शांतपणे सुधारत बसायला वेळ कुणाला होता? (पुढे फोर्ड आणि २००८ पासून आपले टाटा. पण ते पुन्हा कधीतरी.)

९११ सुद्धा मरणारच होती. १९७७ मध्ये पुढे व्ही-८ इंजिन असलेली ९२८ आली ती तिची वारस म्हणूनच. १९८१ मध्ये पीटर शुट्झ कंपनीचा प्रमुख झाला. तो सांगायचा तो किस्सा असा: इंजिनिअर हेल्मुट बॉटच्या ऑफिसात भिंतीवर एक तक्ता होता, त्यात ९२८ आणि ९४४च्या रेघा पुढे गेलेल्या आणि ९११ची रेघ १९८१च्या शेवटी तुटलेली. शुट्झनं मार्कर उचलला आणि ती रेघ तक्त्याबाहेर, भिंतीवर, थेट दारापर्यंत ओढली. प्रॉडक्ट मॅनेजरनं असं काही केलं तर आपण मनात शिव्या घालतो, पण हा निर्णय बरोबर निघाला. २०१७च्या मे महिन्यात दहा लाखावी ९११ बाहेर पडली.

तर १९७८ ते ८३ची एससी म्हणजे तोवर दीड दशक घासूनपुसून झालेली गाडी. इंजिन तीन लिटरचं. त्याआधीच्या २.७ लिटरच्या मॅग्नेशियम क्रँककेसमधून बोल्ट उपटून यायचे, म्हणून इथे ॲल्युमिनियम. आणि १९७६च्या मॉडेलपासून जस्ताचा लेप दिलेला पत्रा, मिठाच्या रस्त्यांसाठी! रेडिएटरच नाही, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये पाणी उकळायचा प्रश्न नाही. इंजिनाचं वजन मागच्या चाकांवर असल्यामुळे बर्फात पकड चांगली. १९६८ ते ७० या तीन मॉन्टे कार्लो रॅली ९११नं उगाच नाही जिंकल्या. मागे दोन पोरं बसतील एवढी जागा (पोरं लहान हवीत आणि भांडकुदळ नकोत). क्लचसाठी इथेही इंजिन काढावंच लागतं, पण ते खालून जॅकवर सरळ उतरतं.

दोष आहेतच. टायमिंग चेनचे टेन्शनर दगा देतात; १९८४च्या मॉडेलपासून आलेले सुधारित टेन्शनर जुन्या गाडीला बसतात आणि शहाणे लोक ते आधी बसवून घेतात. थंड इंजिन चालू करताना बॅकफायर झाला, तर हवेचा प्लॅस्टिकचा डबा फुटतो. त्यावर एक स्वस्तातली झडप मिळते. तेल दहा लिटरच्या वर लागतं आणि ते मोजायचं इंजिन गरम आणि चालू असताना. हीटर गरम हवा घेतो एक्झॉस्टभोवतालच्या कवचातून, म्हणून गाडीत नेहमी किंचित तेलकट वास. पार्टच्या किमतीत तर ई-टाइप सरळ जिंकते: ब्रिटनमध्ये तिचं जवळपास काहीही नवीन बनवून मिळतं, आणि बऱ्याच वेळा पोर्शपेक्षा स्वस्त. सरकारी बाजूनं दोघी सारख्या, कारण चाळीस वर्षांपुढच्या गाडीला तिथे रोड टॅक्स नाही आणि २०१८च्या मे पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. (आपल्याकडे २०२१च्या नियमांनुसार पन्नाशी ओलांडलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवली, तर ती रोज चालवताच येत नाही. म्हणजे हा सगळा वादच पुण्यात निकालात.)

शीटमध्ये प्रत्येक ओळीला वजन द्यायचं होतं. गंज १०, पार्ट ६, बर्फ ८ वगैरे. मी भरून पाठवलं, तर साहेबानं शेवटी एक ओळ वाढवून परत पाठवलं: 'वडील'. वजनाच्या खान्यात नुसतं प्रश्नचिन्ह. आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह आल्यामुळे माझं बेरजेचं सूत्र मोडलं आणि निकालाच्या खान्यात एरर आली. मी ती दुरुस्त करून सातवी फायनल केली, त्यानं पुन्हा तेच टाकलं. मग मी नाद सोडला.

२०१९च्या उन्हाळ्यात त्यानं ई-टाइप विकली. आदल्या रविवारी मला घेऊन निघाला. ब्राउन्स लेनला जाऊ म्हणाला. कारखाना आता नाही, २००५ मध्ये तिथलं गाड्या बनवणं थांबलं. आज तिथे घरं आहेत आणि लायन्स पार्क नावाची औद्योगिक वसाहत, जॅग्वारच्या संस्थापकाच्या नावानं. तिथेच ॲमेझॉनचं अवाढव्य गोदाम आहे. आम्ही त्याच्या समोर गाडी उभी केली. कमानीसारखा तो पातळ स्टीअरिंग धरून साहेब जरा वेळ बसला, मग वाकून ड्रायव्हरच्या सीटची बाजूची शिवण अंगठ्यानं चाचपत म्हणाला, ही माझ्या बापाची नाही, पासष्टच्या साली ते दुसऱ्या खात्यात होते. मी इतके दिवस समजत होतो, की ही सीट त्यांनीच शिवलेली. मी तसं म्हटलं तर हसला. म्हणाला, तेही सगळ्यांना तसंच सांगायचे.

९११ आली ऑगस्टमध्ये, १९८२ची, तपकिरी. टेन्शनर आधीच बदललेले, झडप बसवलेली, पावत्यांची फाइल चार इंच जाड. मी परत आल्यावरही त्याच्या मेल येत राहिल्या. २०२१ मध्ये ब्रिटनच्या पंपांवर दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं तेव्हा त्यानं इंधनाचे सगळे रबरी पाइप बदलून घेतले, त्याचे फोटो. मागच्या जानेवारीत आला तो फोटो बर्फातला: टेस्कोचं पार्किंग, चाकांच्या खुणा, आणि मागच्या सीटवर बटाट्याचं पोतं.

पुढच्या शनिवारी जमलं तर ई-टाइपच्या इंजिनाबद्दल. त्याचा जन्म युद्धात, कारखान्याच्या छतावर आगीचा पहारा करता करता झाला आणि ते १९९२ पर्यंत चाललं.