बाळसे, ताट आणि तालीम : बालवयातील स्थूलतेच्या प्रतिबंधाची महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

प्रास्ताविक

बालवयातील स्थूलता हा महाराष्ट्रात अलीकडचा प्रश्न मानला जातो आणि संख्येच्या दृष्टीने ते खरेही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ मधील चौथ्या फेरीत राज्यातील पाच वर्षांखालील १.९ टक्के मुलांचे वजन उंचीच्या मानाने जास्त आढळले होते. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण ४.१ टक्के झाले. याच पाचव्या फेरीत राज्यातील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि ३६.१ टक्के मुले कमी वजनाची होती. कुपोषण हटलेले नाही आणि स्थूलता येऊन ठेपली आहे, अशी ही स्थिती आहे. तिच्यावरील उपाय म्हणून घरचा समतोल आहार आणि रोजचा व्यायाम यांची शिफारस सर्वत्र केली जाते. परंतु घरातील खाण्याच्या आणि हालचालीच्या सवयी उपदेशाने घडत नाहीत; त्यांच्यामागे मोठा इतिहास असतो. या सवयी कोणत्या परिस्थितीत रुजल्या आणि आज त्यांतील कोणत्या उपकारक व कोणत्या अडसर ठरतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बाळशाचे मोल

स्थूलता हा दोष आहे, ही जाणीव भारतीय वैद्यकाला नवी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 'अष्टौनिन्दितीय' अध्यायात निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांत अतिस्थूल आणि अतिकृश या दोहोंचा समावेश आहे. अतिस्थूलतेची कारणे सांगताना अतिभोजन, गुरू-मधुर-स्निग्ध पदार्थांचे सेवन, व्यायामाचा अभाव, दिवसा झोपणे यांबरोबर बीजस्वभावाचाही, म्हणजे आनुवंशिकतेचाही, उल्लेख येतो. विशेष म्हणजे या दोहोंत कृशता बरी, असा निर्वाळा तेथे दिला आहे.

घराने मात्र मुलांच्या बाबतीत नेमका उलट कौल दिला आणि त्याला सबळ कारण होते. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ, १८९६ पासूनची प्लेगची साथ, १९१८ चा इन्फ्लुएंझा या आपत्तींतून गेलेल्या समाजात मूल जगणे हीच मोठी गोष्ट होती. १९२१ साली मुंबई शहराच्या नोंदींत दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भकमृत्यू दिसतात. अनेक जन्म नोंदले जात नसल्याने हा आकडा फुगलेला असणार, हे मान्य करूनही त्यातील भीषणता कमी होत नाही. अशा काळात मुलाने 'बाळसे धरले' याचा अर्थ ते आता तगेल, असा होता. अंगावरची ती चरबी आजारपणातील आणि टंचाईतील शिल्लक होती. 'खात्यापित्या घरचा' हा शब्दप्रयोग, गुटगुटीत मुलाची दृष्ट काढणे, काऊचा घास आणि चिऊचा घास म्हणत भरल्या पोटीही आणखी दोन घास भरवणे आणि पानात काही टाकू नये हा दंडक, हे सारे त्याच अनुभवातून आलेले आहे. १९२० च्या दशकात लेडी रीडिंग यांच्या पुढाकाराने देशात बालसप्ताह साजरे होऊ लागले, त्यांत बालप्रदर्शने भरत. पुढे सुदृढ बालक स्पर्धा गावोगावी रूढ झाल्या. त्यांचा हेतू आरोग्यशिक्षणाचा होता, पण 'सुदृढ' या शब्दाचा अर्थ पाहणाऱ्यांच्या मनात बहुधा वजनदार असाच राहिला.

तालमीची परंपरा

दुसऱ्या बाजूला महाराष्ट्रात व्यायामाची एक समृद्ध परंपरा होती. समर्थ रामदासांशी जोडली जाणारी मारुती-उपासना, गावोगावच्या तालमी, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला दिलेला आश्रय यांतून ती जोपासली गेली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिला संस्थारूप आले : अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये, तर पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ आणि लोणावळ्याचे कैवल्यधाम १९२४ मध्ये स्थापन झाले. या साऱ्यामागील प्रेरणा बलोपासनेची आणि राष्ट्रोद्धाराची होती. वजन कमी करण्याचा विचार त्यात जवळजवळ नव्हता. तालमीतला मुलगा जोर-बैठका काढी, म्हणूनच त्याला दूध, तूप, बदामाचा खुराक मिळे. कालांतराने जोर-बैठका सुटल्या आणि खुराकाची कल्पना तेवढी घरात टिकली. परीक्षेला बसलेल्या मुलालाही आज खुराकच दिला जातो!

या परंपरेच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. तालीम प्रामुख्याने मुलग्यांची होती. मुलींच्या वाट्याला मंगळागौर-भोंडल्याचे खेळ, फुगड्या-झिम्मा येत. एरवी त्यांची हालचाल म्हणजे घरकाम. पाणी शेंदणे, दळण-कांडण यांचा व्यायाम म्हणून गौरव करण्याची प्रथा आहे. मात्र ते कष्ट होते आणि पिठाच्या गिरणीने व नळाने बाईची त्यांतून सुटका केली, हे विसरता येत नाही. प्रश्न एवढाच की, त्या सुटलेल्या श्रमांच्या जागी मुलींसाठी खेळाचे मैदान कोणी उघडले नाही.

या सर्वांत कुटुंबाच्या दृष्टीने लक्षणीय प्रयोग औंध संस्थानात झाला. तेथील अधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी आधी सँडो पद्धतीचा व्यायाम केला, नंतर सूर्यनमस्कारांचा अंगीकार केला आणि संस्थानातील शाळांत ते सुरू केले. सूर्यनमस्कारांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. पंतप्रतिनिधी स्वतः रोज नमस्कार घालीत आणि घरातील स्त्रिया व मुलेही ते घालीत. साधने नकोत, मैदान नको, वयाची व लिंगाची अट नको आणि वडीलधाऱ्यांनी मुलांबरोबर करावयाचा, असा हा व्यायाम होता. त्यामागील धार्मिक धारणेविषयी मतभेद असू शकतात. पण घर हे व्यायामाचे एकक मानण्याची दृष्टी त्यात होती.

ताट बदलले

स्वातंत्र्योत्तर काळात ताटात झालेला बदल हळूहळू झाला, म्हणून तो फारसा नोंदला गेला नाही. वनस्पती तूप १९३० च्या दशकातच बाजारात आले होते. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला आणि पुढील काही दशकांत साखर हे राज्याच्या ग्रामीण समृद्धीचे प्रतीक बनले. घरोघरी गुळाच्या चहाची जागा साखरेच्या चहाने घेतली आणि त्याच्या जोडीला बिस्किटाचा पुडा आला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. त्याच वर्षी राज्य भीषण दुष्काळाला तोंड देत होते, हा योगायोग बोलका आहे. १९८३ मध्ये झटपट नूडल्स आल्या, १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आणि परदेशी खाद्यसाखळ्या आल्या. ज्या आजीने टंचाई पाहिली, तिच्याच नातवंडांपुढे वेफर्सची पाकिटे आली. तिने आग्रह केला तो जुन्या सवयीने. पण पूर्वी आग्रहाला घरातील धान्याची मर्यादा होती, ती आता राहिली नव्हती. पान स्वच्छ करण्याचा दंडकही मुळात थोडे वाढलेल्या पानासाठी होता, हे या संदर्भात ध्यानात घेतले पाहिजे.

पुण्यातील संशोधन

हा प्रश्न केवळ सुखवस्तू घरांचा नाही, हे दाखवून देणारे संशोधन पुण्यात झाले. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील स्त्रियांचा गरोदरपणापासून अभ्यास केला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत या गावांतील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. पुण्याच्या बाळांचे स्नायू, उंची, पोटातील अवयव सारेच लहान होते. पाठीवरील त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखली गेली होती. दिसायला रोड, पण चरबीच्या प्रमाणात लठ्ठ, अशी ही बाळे होती. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांनी स्वतःच्याच शरीरांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही देहवस्तुमान निर्देशांक २२.३, पण चरबीचे प्रमाण याज्ञिकांमध्ये २१.२ आणि युडकिन यांच्यात ९.१ टक्के होते.

त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष १९९९ चा आहे. पुण्यातील ४७७ आठ वर्षांच्या मुलांच्या पाहणीत इन्सुलिनला जुमानत नसलेली, म्हणजे पुढे मधुमेहाकडे झुकण्याची शक्यता असलेली लक्षणे सर्वाधिक कोणत्या मुलांत होती? जन्मतः कमी वजनाची, पण आठव्या वर्षी वजनदार झालेली अशी ती मुले होती. लहानखुऱ्या जन्मलेल्या लेकराला लवकर 'भरून' आणावे, ही घराची सर्वांत स्वाभाविक आणि सर्वांत मायेची धडपड असते. कुपोषित बालकाला पोषण मिळालेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण उंची आणि स्नायू वाढविणारे अन्न, म्हणजे डाळी, दूध, अंडी, भाज्या, आणि केवळ चरबी वाढविणारे साखर-मैद्याचे पदार्थ यांतील फरक या मुलांच्या बाबतीत निर्णायक आहे.

शाळेचे दार आणि घराचा उंबरठा

शासकीय उपाययोजना मुख्यतः शाळेभोवती फिरली. महाराष्ट्र शासनाने मे २०१७ मध्ये शालेय उपाहारगृहांत जास्त मेद, मीठ व साखर असलेल्या पदार्थांच्या विक्रीला मनाई केली. २०२० च्या केंद्रीय नियमांनी शाळेच्या आवारापासून ५० मीटरपर्यंत अशा पदार्थांच्या विक्रीला प्रतिबंध केला. हे नियम आवश्यक आहेत, पण डब्यात काय द्यायचे आणि संध्याकाळी मुलाने खेळायचे की पडद्यासमोर जेवायचे, हे घरातच ठरते. या दृष्टीने अमेरिकेतील लिओनार्ड एपस्टाइन यांचा १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला दहा वर्षांचा पाठपुरावा उद्बोधक आहे. सहा ते बारा वयाच्या स्थूल मुलांपैकी ज्यांच्या उपचारात मूल आणि पालक या दोघांनाही स्वतःच्या सवयी बदलण्याचे लक्ष्य दिले होते, त्यांच्यातील अतिरिक्त वजनाचे प्रमाण दहा वर्षांनंतरही मूळ पातळीपेक्षा खाली होते. असे निश्चित लक्ष्य न दिलेल्या कुटुंबांतील मुलांत ते वाढले होते. औंधच्या घरगुती नमस्कारांमागील सूत्र याहून फार वेगळे नव्हते.

मोजमापाचा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत अंगणवाडीतील वृद्धितक्ता दीर्घकाळ वयानुसार वजनाचाच होता. त्या काळातील संकट पाहता ते योग्यच होते. परंतु या तक्त्यावर खुजे आणि जाड मूल व उंच आणि सडपातळ मूल एकाच बिंदूवर येऊ शकतात. २०१८ च्या पोषण अभियानापासून अंगणवाड्यांना उंची मोजण्याची साधने देण्यात आली. पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये सुधारित तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत भारतीय शरीराची घडण ध्यानात घेऊन स्थूलतेच्या मर्यादा प्रौढांच्या २३ आणि २७ या निर्देशांकांशी जुळवून, म्हणजे पाश्चात्त्य मर्यादांपेक्षा खाली, ठेवल्या आहेत. हे तक्ते डॉक्टरांच्या टेबलावर असतात. आईला मात्र बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकू येते, ते म्हणजे 'वजन वाढले, छान', आणि उंचीचा आकडा तिला कोणी वाचून दाखवत नाही.